बहिणीच्या लेकरांच्या पालकत्वाचा कागद

सातबाऱ्यावर लेकरांच्या नावाशेजारी त्यांच्या चाचाचं नाव ‘अ.पा.क.’ म्हणून लागलं, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान म्हणजे अल्पवयीन लेकराचा पालक. महसूलच्या कागदावर पालक लागला म्हणजे कायद्यानंही लागला, असा आमचा समज. सप्टेंबर २०२३ मध्ये चाचा तो उतारा घेऊन भूसंपादनाच्या कार्यालयात गेले. रस्त्यात १८ आर वावर गेलं होतं, त्याचा मोबदला उचलायचा होता. कारकुनानं उतारा वाचला आणि परत सरकवला. “हे तलाठ्याचं झालं. कोर्टाचा पालकत्वाचा आदेश आणा, नाहीतर रक्कम कोर्टात जमा होईल.” तो आदेश हातात येऊन पैसे लेकरांच्या खात्यावर पडायला तेरा महिने लागले. त्यातला किती वेळ कुठं गेला आणि कोणता आमच्याच चुकीनं गेला, ते ओळीनं लिहिते.

आधी घरची परिस्थिती, कारण सगळी उत्तरं तिच्यावरच ठरतात. लेकरांचे अब्बा फेब्रुवारी २०२१ मध्ये गेले, माझी बहीण मे २०२३ मध्ये. मागं मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. दादा-दादी, म्हणजे अब्बांचे आई-वडील, अब्बांच्या आधीच गेलेले. हयात कोण, तर लेकरांची नानी म्हणजे माझी अम्मी, मी त्यांची खाला, चाचा आणि फुफी (लेकरांची आत्या). अम्मीचं घर आमच्या घराला लागून. लेकरं तिच्याकडं झोपतात, जेवण दोन्ही घरी.

कोण आधी गेलं, हे वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं. दादा हयात असते तर लेकरांच्या मालमत्तेचे पालक आपोआप तेच झाले असते. उलट, बाप दादांच्या आधी गेला असता तर दादांच्या मिळकतीत नातवंडांना काहीच आलं नसतं, कारण चाचा हयात आहेत. हनफी फिक्हात, म्हणजे आम्ही मानतो त्या मुस्लिम कायद्याच्या परंपरेत, अशी नातवंडं महजूब (वारशातून वगळलेली) ठरतात. दादांनी जिवंतपणी हिबा (बक्षीस) केला किंवा मिळकतीच्या एक तृतीयांशाच्या आत वसीयत (मृत्युपत्र) केली, तरच काही मिळतं. त्यामुळं मृत्यूचे दाखले तारखेच्या क्रमानं लावून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. मुस्लिम कायद्यात लेकराचा सांभाळ आणि लेकराच्या मालमत्तेचं पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांभाळ म्हणजे हिजानत. तो आधी आईचा. आई नसेल तर नानी, मग दादी, मग बहिणी आणि त्यांच्या मुली, मग खाला, मग फुफी. हनफी मतानं मुलगा ७ वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. (कोकणातली शाफई कुटुंबं वेगळ्या मुदती मानतात, मराठवाड्यात बहुतेक सगळे हनफी.) मालमत्तेचं पालकत्व म्हणजे विलायत-ए-माल. ते फक्त चौघांकडं जातं: बाप, बापानं नेमलेला वसी (मागं कारभार पाहणारा), दादा, दादांनी नेमलेला वसी. पाचवा कोणी नाही. आईसुद्धा नाही, चाचा नाही, मोठा भाऊ नाही. बाकी कुणालाही ते पालकत्व कोर्टाकडूनच घ्यावं लागतं. मात्र बाप हयात असताना आपल्या बायकोलाच वसी नेमू शकतो. दोन साक्षीदारांसमोर चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर बहिणीला दोन वर्षं अब्बांच्या खात्यासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नसत्या.

नुसता सांभाळ करणाऱ्या नातेवाइकानं अज्ञानाची जमीन किंवा घर विकलं, तर ती विक्री मुळातच रद्दबातल असते. १९१८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं इमामबांदी विरुद्ध मुत्सद्दी या प्रकरणात हे ठरवलं आणि आजही तेच चालतं. त्या प्रकरणात विकणारी तर लेकरांची आईच होती. जंगम मालाला थोडी सवलत आहे: लेकराच्या खाण्यापिण्याची, दवाखान्याची अगदी निकड असेल तर सांभाळणारा तो विकू शकतो. बहिणीची म्हैस जूनमध्ये विकली ती याच आधारावर. बाजाराची पावती ठेवली होती, ती पुढं कामाला आली.

हे कळण्याआधी आम्ही एक चुकीचा कागद करून बसलो होतो. मशिदीत चार माणसं बसवून स्टॅम्पपेपरवर ‘सरपरस्तनामा’ (घरगुती पालकत्वाचा कागद) लिहिला, चाचा-फुफीच्या सह्या घेतल्या, नोटरी केली. घरातला सलोखा म्हणून तो चांगलाच आहे. बँकेत, महसूलमध्ये, भूसंपादनात त्याला काहीही किंमत नाही. दुसरा सल्ला मिळाला तो दत्तक घेण्याचा. बालन्याय कायद्याखाली मुस्लिमांनाही दत्तक घेता येतं, २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यात शंका उरलेली नाही. पण दत्तकात कायद्यानं आई-बाप बदलतात. शरीअतीत लेकरू त्याच्या बापाच्याच नावानं ओळखलं जावं असं आहे, आणि आम्हालाही लेकरांच्या दाखल्यावरचं बापाचं नाव हलवायचं नव्हतं. कोर्टाच्या पालकत्वात नाव, वंश, वारसा काहीच बदलत नाही.

वारसनोंद जुलै २०२३ मध्येच टाकली होती. तलाठ्यांनी (कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी, बोलताना तलाठीच) फेरफारात दोन्ही लेकरांची नावं ‘समान’ हिश्श्यानं घेतली. १५ दिवसांच्या नोटिशीत ते कुणी नीट वाचलं नसतं तर तसंच प्रमाणित झालं असतं. हिशेब असा आहे: बाप गेला तेव्हा बायकोला आठवा हिस्सा, उरलेलं मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात. म्हणजे २४ भागांतले बहिणीला ३, मुलाला १४, मुलीला ७. मग बहीण गेली. तिच्या ३ भागांतला सहावा हिस्सा तिच्या आईचा, म्हणजे अम्मीचा. उरलेलं पुन्हा दोनास एक. सगळं १४४ भागांवर आणलं की मुलगा ९४, मुलगी ४७, अम्मी ३. जमीन नेमकी १ हेक्टर ४४ आर, म्हणून आमच्याकडं ते आकडे थेट आर म्हणून वाचता आले. अम्मीचं नाव फेरफारात नव्हतंच. आम्ही मुदतीत लेखी हरकत दिली, ती नोंद तक्रारी झाली, मंडळ अधिकाऱ्यांनी जबाब घेतले आणि ऑगस्टअखेर दुरुस्त नोंद प्रमाणित झाली. “तीन आरसाठी एवढा खटाटोप कशाला,” असं गावात बरेच जण म्हणाले. तीन आरचा प्रश्न नव्हता. पुढं मोबदल्याच्या वाटपात हेच आकडे लागले, आणि मुलीचा हिस्सा कागदावर आधीच ठरलेला असणं बरं. “ती काय, मोठी होऊन भावाला सोडूनच देणार” म्हणत एकाच नावावर टाकायला सांगणारे भेटतात. अज्ञानाच्या वतीनं हक्कसोड कुणालाच करता येत नाही, चाचाला नाही आणि मलाही नाही.

वकील ठरवताना एक गोष्ट उशिरा कळली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणं स्त्रिया आणि बालकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. आम्ही खासगी वकील लावून १८,००० रुपये तीन टप्प्यांत दिल्यावर हे समजलं. अर्ज करणारी बाई असेल तर आधी तिथं जाऊन या.

अर्ज पालक आणि पाल्य अधिनियम १८९० खाली होतो. लेकरू नेहमी जिथं राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात करायचा. फक्त मालमत्तेपुरता असेल तर मालमत्ता जिथं आहे तिथंही चालतो. आमच्या दोन्ही मागण्या एकाच अर्जात जिल्हा न्यायालयात गेल्या. ज्या शहरात कौटुंबिक न्यायालय आहे तिथं लेकराच्या ताब्याचं आणि सांभाळाचं काम त्या न्यायालयाकडं असतं, मालमत्तेचं जिल्हा न्यायालयाकडंच राहतं. हे न विचारता अर्ज टाकला तर सहा महिन्यांनी “हे आमच्याकडं नाही” ऐकायची पाळी येते.

पालक कोण होणार यावर घरात दोन संध्याकाळी गेल्या. चाचा स्वतःहून मागं झाले. तेच जमीन बटईनं करतात, बांधही त्यांचाच. बटईदार आणि पालक एकच माणूस असला तर हिशेब कुणी कुणाला द्यायचा? मग सांभाळाचं काय? खालाचं लग्न लेकराशी परक्या असलेल्या माणसाशी झालं असेल तर हनफी मतानं तिचा हिजानतीचा हक्क जातो, आणि माझे यजमान लेकरांच्या नात्यात नाहीत. शिवाय मुलगा ७ च्या पुढं गेलेला, म्हणजे काटेकोर नियमानं तो चाचाकडं जायला हवा आणि मुलगी नानीकडं. बहीण-भावाची ताटातूट कुणालाच नको होती. वकिलांनी कलम १५ दाखवलं: व्यक्तीचा पालक आणि मालमत्तेचा पालक वेगवेगळे नेमता येतात. त्यामुळं अर्जदार क्रमांक १ अम्मी, दोन्ही लेकरांच्या सांभाळासाठी. क्रमांक २ मी, मालमत्तेसाठी. चाचा आणि फुफी सामनेवाले. सामनेवाले हा शब्द नोटिशीत वाचून फुफी दोन दिवस बोलली नाही. तुमच्याकडं असं असेल तर नोटीस जाण्याआधी फोन करा की हे नाव फक्त रीत म्हणून आहे.

अर्जात काय काय लागतं ते कलम १० मध्येच आहे: लेकराचं नाव, लिंग, धर्म, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण, मालमत्ता कोणती आणि अंदाजे किमतीची, लेकरू सध्या कुणाकडं आहे, जवळचे नातेवाईक कोण आणि कुठं राहतात, आधी कोणी पालक नेमला आहे का, पालक होणाऱ्याची पात्रता. सोबत पालक होणाऱ्याचं संमतिपत्र, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. आमच्या पहिल्या मसुद्यात एकच साक्षीदार होता; दाखल करायच्या खिडकीवरून अर्ज परत आला आणि चार दिवस गेले.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त वेळ नावांनी खाल्ला. आपल्याकडं ‘शेख अमुक शेख तमुक’ असं आडनाव दोनदा लिहायची जुनी रीत. आधारवर शेख शेवटी एकदाच. बापाचं नाव सातबाऱ्यावर ‘महेबूब’, मुलाच्या निर्गम उताऱ्यात ‘मेहबूब’, मृत्यू प्रमाणपत्रावर ‘महबूब’. बहीण निकाहनाम्यात ‘बी’, बँकेत ‘बेगम’. एका माणसाची तीन माणसं झाली होती. एकेक कागद दुरुस्त करत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. त्याऐवजी प्रत्येक व्यक्तीचं ‘एकच व्यक्ती’ असल्याचं शपथपत्र केलं, त्यात सगळी रूपं आणि ती कोणत्या कागदावर आहेत ते तक्त्यात लिहिलं, आणि अर्जातही नाव ‘उर्फ’सह घातलं. हे ‘उर्फ’ महत्त्वाचं, कारण आदेशात नाव अर्जासारखंच उतरतं आणि बँक आदेशातलं अक्षर न् अक्षर जुळवते. कोर्टात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक लागत नाही, तरी टायपिंगवाले तो घ्यायला लावतात. गावातल्या घराचा मूळ कागद निजामाच्या काळातला, उर्दूतला. त्याचं मराठी भाषांतर करून, भाषांतर करणाऱ्या निवृत्त मास्तरांचं शपथपत्र जोडावं लागलं.

९ ऑक्टोबर २०२३ ला अर्ज दाखल झाला. सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक त्याच दिवशी मागून घ्या. ईकोर्ट्स ॲपवर टाकला की पुढची तारीख घरी कळते, उगाच एसटीचं तिकीट वाया जात नाही.

पहिली तारीख दिवाळीच्या सुटीनंतर, २२ नोव्हेंबर. फुफीची नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ शेऱ्यासह परत आली होती. आम्ही तिच्या आधारवरचा जुना पत्ता दिला होता, ती तीन वर्षांपूर्वी घर बदलून गेलेली. ही चूक आमची, आणि तिची किंमत सात आठवडे. दुसरी नोटीस, बेलिफानं अम्मीच्या दारावर चिकटवलेली प्रत, कोर्टाच्या फलकावरची प्रत आणि स्थानिक दैनिकातली जाहीर नोटीस (२,२०० रुपये) हे सगळं १० जानेवारी २०२४ ला पूर्ण झालं. वर्तमानपत्राचं पूर्ण पान जपा. नुसतं कात्रण दिलं तर तारीख कुठंय असं विचारतात.

१४ फेब्रुवारीला चाचा आणि फुफी हजर राहिले. त्यांची नोटरी केलेली ना-हरकत आम्ही आधीच जोडली होती, पण न्यायाधीशांना ती तोंडून ऐकायची होती. चाचांना विचारलं, “मुलगा तुमच्याकडं का नको?” चाचा म्हणाले, “साहेब, नको असं नाही. बहिणीला सोडून तो राहणार नाही.” मग जमीन कोण करतं, बटई किती, तोंडी की लेखी, असे बरेच प्रश्न आले. बटई तोंडी होती. पुढच्या तारखेपर्यंत ती लिहून आणायला सांगितलं.

२० मार्चला लेकरांना बोलावलं. रमजान चालू होता. अम्मी रोज्यात, सकाळी साडेदहापासून बाकावर. पुकारा झाला साडेतीनला. लेकरांना चेंबरमध्ये एकटंच आत घेतात, नातेवाईक बाहेर. कलम १७ मध्ये कोर्टानं काय पाहायचं ते दिलेलं आहे: लेकराचं हित, त्याला लागू असलेला कायदा, वय, धर्म, पालकाची वागणूक आणि ऐपत, नात्याची जवळीक, गेलेल्या आई-बापाची इच्छा, आणि लेकरू समजतं असेल तर त्याचं स्वतःचं मत. घरून काही पढवून नेऊ नका. न्यायाधीशांनी शाळेतल्या बाकड्यावर शेजारी कोण बसतं, रात्री उठला तर कुणाला हाक मारतो, असलंच विचारलं. पढवलेलं उत्तर तिथं उघडं पडतं. लहानग्यांसाठी पाणी, बिस्किटं आणि रंगवायची वही न्या. आवारातल्या कॅन्टीनमध्ये रमजानातही बाकीच्यांसाठी चहा-वडा सुरूच असतो, पण पोरीला तिथं एकटं धाडता येत नाही.

२५ एप्रिलला मुख्याध्यापकांची साक्ष होती, आणि ते आलेच नाहीत. आमच्या मतदारसंघात २६ तारखेला मतदान. ते मतदान केंद्राचं साहित्य घेऊन आदल्या दिवशीच निघून गेले होते. शाळेचा माणूस साक्षीला घ्यायचा असेल तर निवडणूक, दहावीची परीक्षा, जनगणना सगळं आधी पाहा. मेमध्ये उन्हाळी सुटी. या रिकाम्या महिन्यांत आम्ही बालसंगोपन योजनेचा अर्ज केला. त्यात एका लेकराला दरमहा २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. त्याला पालकत्वाचा आदेश लागत नाही, नातेवाइकाकडं राहतात एवढं पुरतं. हे आम्ही २०२३ मध्येच करायला हवं होतं.

बकरी ईदनंतर दोनच दिवसांनी, १९ जूनला साक्ष आणि युक्तिवाद झाला. ८ जुलै २०२४ ला आदेश. सांभाळ अम्मीकडं, मालमत्ता माझ्याकडं. मोबदल्याची लेकरांची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत प्रत्येकाच्या नावानं १८ वर्षांपर्यंत मुदतठेवीत, व्याज शिक्षणासाठी उचलायला परवानगी, हिशेब दरवर्षी. आदेश मान्य नसेल तर अपील उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात. आमच्यात कुणाला करायचंच नव्हतं. व्याज हराम, हा मुद्दा घरात निघालाच. पण आदेशात मुदतठेव लिहिलेली, आणि पैसा आपला नाही. ज्यांना व्याज टाळायचं आहे त्यांनी दुसरा पर्याय अर्जातच मागावा. आदेश झाल्यावर तो बदलायला नवा अर्ज पडतो.

आदेश झाला म्हणजे कागद मिळाला असं नाही. मालमत्तेच्या पालकाला हमीपत्र द्यावं लागतं, आमच्याकडं ११,२८,००० रुपयांचं, शिवाय तेवढ्याच ऐपतीचा एक जामीनदार. जामीनदाराचं ऐपत प्रमाणपत्र तहसीलमधून आणायला पाच आठवडे लागले, कारण त्यांच्या सातबाऱ्यावर फेडलेल्या पीककर्जाचा बोजा कमी केलेला नव्हता. जामीनदार ठरवण्याआधीच त्याच्या उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात डोकवा. २९ ऑगस्टला हमीपत्र मंजूर झालं, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नक्कल हातात आली. नक्कल एक घेऊ नका; भूसंपादन, बँक, तहसील आणि घर अशा चार घ्या. सगळा मिळून खर्च २७,००० च्या आसपास गेला, त्यात मोठा भाग वकिलांचा.

बँकेत वेगळाच घोळ. शाखेनं दोन्ही ठेवी माझ्या ग्राहक क्रमांकाखाली आणि माझ्या पॅनवर उघडल्या, म्हणजे कागदोपत्री पैसा माझा. पावती हातात आल्यावर लक्षात आलं. लेकरांची स्वतंत्र पॅन कार्डं काढली (अज्ञानाच्या पॅनवर फोटो नसतो, त्यावरून घाबरू नका), त्यांच्या नावानं ग्राहक क्रमांक आणि मी फक्त व्यवहार करणारी पालक, असं सगळं नव्यानं करून घेतलं. ११ ऑक्टोबर २०२४ ला रक्कम आली. एकूण ११,५२,०००, त्यातले मुलाचे ७,५२,०००, मुलीचे ३,७६,०००, अम्मीचे २४,०००. तेच ९४, ४७ आणि ३.

पालक झाल्यावर हात मोकळे होतात असं कुणाला वाटत असेल तर उलटं आहे. कोर्टाच्या परवानगीशिवाय विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नाही, आणि लेकरू सज्ञान झाल्यावर एका वर्षापलीकडं जाणारा कुठलाच नाही. परवानगी मिळते ती निकड असेल किंवा लेकराचा उघड फायदा असेल तरच. आम्ही चाचांबरोबर बटईचा कागद दरसाल नवा करतो. सांभाळाच्या पालकाला लेकराला कोर्टाच्या हद्दीबाहेर ठेवायचं तर परवानगी लागते, म्हणून पुढं हैदराबाद किंवा पुण्याला शिकायला पाठवायचं मनात असेल तर तेही मूळ अर्जात लिहा. मुलीच्या निकाहातली विलायत (पालकाचा अधिकार) या आदेशात येत नाही, ती आत्ता चाचाकडं आणि भाऊ मोठा झाला की भावाकडं; वय अर्थात १८ पूर्ण. आणि लेकरू शरीअतीनं बालिग झालं, वयात आलं, म्हणून मालमत्ता हातात येत नाही, त्याला १८ च लागतात. कोर्टानं पालक नेमला की २१ लागतात असं जुने लोक सांगतील. ती तरतूद १९९९ मध्ये गेली.

नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेचं विवरणपत्र द्यायचं असतं. ते आम्ही १७ डिसेंबरला दिलं, म्हशीच्या पावतीसकट. पहिला वार्षिक हिशेब मार्च २०२५ अखेरचा. सोयाबीन १९ क्विंटल, निम्मं चाचांचं, आमच्या वाट्याचं साडेनऊ. आडतीची पट्टी ४,१०० रुपये भावानं ३८,९५० ची. बी, खत, काढणीचा आमचा निम्मा खर्च १०,१५० वजा जाता उरले २८,८००. हिशेब एकदा परत आला. मी दोन्ही लेकरांचा खर्च एकाच रकान्यात लिहिला होता: शाळेची फी, दप्तर, चपला सगळं एकत्र. मुलाच्या पैशातून मुलीची चप्पल आली की मुलीच्या पैशातून मुलाची, हे त्यावरून कळत नव्हतं. आता वहीत तीन रकाने आहेत आणि रिक्षाचं भाडंसुद्धा दोन ठिकाणी निम्मं-निम्मं पडतं. कुराणातल्या सूरह निसामध्ये यतीमाच्या (अनाथ लेकराच्या) पालकाला सांगितलंय की खाऊनपिऊन सुखी असेल त्यानं काही घेऊ नये, गरजू असेल त्यानं रास्त तेवढं घ्यावं. १८९० च्या कायद्यातही कोर्ट पालकाला मेहनताना ठरवून देऊ शकतं. गरज असेल तर लाज न बाळगता तो मागा. न मागता वहीत ‘किरकोळ’ लिहून घेतलेले पैसे मात्र हिशेब तपासणारा हमखास पकडतो.

२८,८०० पैकी मुलाचे १८,८००, मुलीचे ९,४००, अम्मीचे ६००. ते ६०० अम्मी लेकरांच्याच ईदच्या कपड्यांत घालते. पण आधी पाकीट तिच्या हातात द्यायचं, पावतीवर तिचा अंगठा घ्यायचा आणि पावती फाईलला लावायची. “माझ्याच घरात अंगठा?” असं ती दरवेळी म्हणते आणि डावा हात पुढं करते.